सिक्रेट ठेवतो तो सांता

डिसेंबर लागला की आमच्या ऑफिसात दोन गोष्टी हमखास होतात. एक, उरलेल्या सुट्ट्या संपवायला निम्मी टीम गोव्याला पळते. आणि दोन, एचआरचा मेल येतो. सब्जेक्ट लाइनमध्ये तीन उद्गारचिन्हं, खाली घंटा, रेनडियर, बर्फ (मुंबईत!) आणि मजकूर एवढाच की, सिक्रेट सांता इज बॅक.

मग चिठ्ठ्यांचा तो काचेचा बाउल डेस्काडेस्कावर फिरतो. लिमिट पाचशे रुपये. नियम एकच, कुणाचं नाव आलं ते सांगायचं नाही. हा नियम आमच्याकडे साधारण पंधरा मिनिटं टिकतो. सोळाव्या मिनिटाला पँट्रीत शेअर बाजार भरतो. 'तुला कोण आलं? माझा मॅनेजर घेतोस का? त्याच्या बदल्यात तुझी रिसेप्शनवाली दे.' दुसऱ्या दिवशी लंचपर्यंत सगळ्यांना सगळं माहीत असतं. आणि तरीही चोवीस तारखेला तोच कॉफी मग, तीच सुगंधी मेणबत्ती आणि तेच लकी बांबूचं रोप उघडताना आपण सगळे 'ओह माय गॉड, कोण असेल बरं?' अशी अ‍ॅक्टिंग करतो. ऑस्कर द्यायला हवं आपल्याला.

तर यंदा बाउल फिरत असताना आमच्या टीममधल्या सगळ्यात नव्या पोराने (वय बावीस, अनुभव चार महिने, प्रश्न अनंत) विचारलं, "पण सांता खरा होता का?"

सगळे हसले. "अरे, कोल्ड्रिंकच्या जाहिरातीतला माणूस आहे तो," टीम लीड म्हणाला. मीही 'हो ना' म्हणून मान हलवली. अशी मान हलवायची आपल्याला सवयच असते. पण घरी आल्यावर प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग रात्री दोनपर्यंत वाचत बसले. सकाळच्या मीटिंगची वाट लागली, पण उत्तर मिळालं.

होता, बॉस. खरा होता.

आधी लाल कपडे उतरवू

कोका-कोलाने सांता जन्माला घातला, हा आपल्या सगळ्यांचा आवडता फंडा. त्यात अर्धंच खरं आहे. १९३१ पासून हॅडन संडब्लॉम नावाचा चित्रकार त्यांच्या जाहिरातींसाठी गुबगुबीत, हसऱ्या गालांचा सांता रंगवत होता आणि तो चेहरा जगभर गेला. पण दाढी आणि लाल कपडे त्याच्याही आधीचे. थॉमस नास्ट नावाचा अमेरिकन व्यंगचित्रकार १८६३ पासून 'हार्पर्स वीकली'त सांता काढत होता. त्याच्याही मागे गेलं तर १८२३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात एक कविता छापून आली. आठ रेनडियर आणि धुराड्यातून उतरणारा गोलमटोल म्हातारा घराघरांत पोचला तो तिच्यामुळे. त्या कवितेत त्या म्हाताऱ्याचं नाव सांता नाहीच. सेंट निकोलस आहे.

डच लोक त्याला 'सिंटरक्लास' म्हणतात. न्यूयॉर्क ही मुळात डचांची वसाहत, तिथे त्या नावाचं झालं सांता क्लॉज. नेदरलँड्समध्ये आजही ५ डिसेंबरच्या संध्याकाळी सिंटरक्लासचा सण असतो. त्याच्या डोक्यावर बिशपची उंच टोपी, हातात दंड, आणि बसायला घोडा. पोरं बूट मांडून ठेवतात. एवढंच काय, तो उत्तर ध्रुवावरून येत नाही, स्पेनहून बोटीने येतो!

मग हा निकोलस मूळचा कुठला? तर तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचा. तेव्हा त्या प्रांताला लिसिया म्हणायचे. परंपरेनुसार त्याचा जन्म पातारा गावचा, आणि बिशप झाला तो मायरा शहराचा. आज मायराचं नाव डेमरे आहे, अंताल्या प्रांतात येतं. बर्फ नाही, स्लेज नाही. ऊन, समुद्र आणि टोमॅटोची ग्रीनहाउसेस. सांताचं गाव टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहे, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

काळ चौथ्या शतकाचा, म्हणजे सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीचा. ६ डिसेंबर हा त्याचा स्मृतिदिन. याच्यापुढे मात्र जपून बोलायला हवं. कारण निकोलसने स्वतः लिहिलेली एक ओळ शिल्लक नाही. त्याच्या हयातीत त्याच्याविषयी कुणी लिहिलेलंही हाती नाही. ३२५ साली नायसियाला भरलेल्या त्या मोठ्या धर्मपरिषदेला तो होता म्हणतात. पण तिथल्या बिशपांच्या काही याद्यांत त्याचं नाव आहे, काहींत नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रोफाइल रिकामं, फॉलोअर्स कोटीच्या कोटी.

आणि गोष्टी तर इतक्या की विचारू नका. त्यातली सगळ्यात जुनी गोष्ट भेटवस्तूंची नाहीच, अन्यायाची आहे. तीन निरपराध माणसांची मुंडकी उडवणार एवढ्यात बिशप निकोलस धावत आला आणि त्याने मारेकऱ्याच्या हातातली तलवार धरली. दुसरी दुष्काळाची. अलेक्झांड्रियाहून राजधानी कॉन्स्टॅन्टिनोपलला निघालेली धान्याची जहाजं बंदरात थांबली. त्याने प्रत्येक जहाजातून थोडं थोडं धान्य मागून घेतलं आणि गाव जगवलं. खलाशी घाबरत राजधानीला पोचले, मापलं, तर धान्य जसंच्या तसं! हे बंदर म्हणजे मायराजवळचं आंद्रियाके. तिथलं रोमन काळातलं प्रचंड धान्यकोठार अजून उभं आहे. आणि नायसियाच्या परिषदेत वादविवाद तापला तेव्हा या साधूने चक्क विरोधकाच्या कानाखाली काढली, अशीही एक आख्यायिका आहे. ती फार उशिरा, जवळजवळ हजार वर्षांनी जन्मलेली. पण मीटिंगमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला हा संत आपला वाटावा, एवढा दम तिच्यात आहे.

हाडांचं राजकारण

निकोलसची समाधी मायरालाच होती. १०८७ साली इटलीतल्या बारी शहराचे खलाशी तिथे आले आणि समाधी फोडून हाडं घेऊन गेले. चोरी म्हणा, सुटका म्हणा, तुम्ही कुठल्या बाजूचे त्यावर आहे. बारीने त्यांच्यासाठी मोठं चर्च बांधलं. ते आजही आहे. पण खलाशांनी घाईत लहान तुकडे मागेच ठेवले. मग ११०० च्या सुमाराला व्हेनिसवाले गेले आणि उरलेलं घेऊन आले. झालं! दोन्ही शहरं शेकडो वर्षं म्हणतायत, खरा निकोलस आमच्याकडे. १९५० च्या दशकात बारीच्या आणि १९९२ मध्ये व्हेनिसच्या हाडांची तपासणी झाली आणि निघालं काय, तर दोन्हीकडची हाडं एकाच सांगाड्याची असावीत. म्हणजे दोघंही बरोबर. पुढे त्याचं म्हणून जपलेल्या एका हाडाच्या तुकड्याची २०१७ साली ऑक्सफर्डमध्ये कार्बन चाचणी झाली. काळ निघाला चौथ्या शतकाचा. यावरून हाड त्याचंच होतं हे सिद्ध होत नाही. पण नव्हतं असंही म्हणता येत नाही.

आणि डेमरेवाल्यांनी काय केलं? रशियाकडून भेट आलेला संत निकोलसचा ब्राँझचा पुतळा चौकात होता. २००५ साली तिथल्या नगरपालिकेने तो हलवला आणि त्या जागी लाल कपड्यांचा प्लॅस्टिकचा सांता बसवला. का, तर टुरिस्टना ओळखू यायला हवा! स्वतःच्याच गावात स्वतःच्याच डुप्लिकेटने जागा घेतली. रिऑर्गनायझेशन म्हणतात ते हेच.

तिसरी रात्र

पण या सगळ्यातून टिकली ती एकच गोष्ट. नवव्या शतकात, म्हणजे निकोलसच्या मृत्यूनंतर पाचेकशे वर्षांनी लिहिलेल्या त्याच्या चरित्रात ती येते.

गावात एक माणूस होता. एके काळचा पैसेवाला, आता पार बुडालेला. त्याच्या तीन मुली लग्नाच्या. हुंड्याला पैसे नाहीत (हो, तिथेही तेच), आणि घरात खायला नाही. शेवटी त्याने मुलींना धंद्याला लावायचं ठरवलं. निकोलस तेव्हा तरुण होता, आईवडील वारलेले, हातात त्यांची इस्टेट. त्याला हे कळलं. एका रात्री तो गेला, खिडकीतून सोन्याची पुरचुंडी आत टाकली आणि पळाला. पहिल्या मुलीचं लग्न झालं. पुन्हा एका रात्री दुसरी पुरचुंडी. दुसरीचं लग्न झालं. तिसऱ्या वेळी मात्र बाप जागा राहिला. आत पुरचुंडी पडल्याचा आवाज आला तसा तो दार उघडून अंधारात धावत सुटला. त्याने निकोलसला गाठलं आणि त्याच्या पायांवर लोळण घेतली. निकोलसने त्याला शपथ घातली, मी जिवंत आहे तोवर हे कुणाला सांगू नकोस.

हेच ते सिक्रेट आणि हाच तो सांता. चर्चमधल्या चित्रांत निकोलसच्या हातात तीन सोन्याचे गोळे दिसतात ते याचेच. पुढे खिडकीचं धुराडं झालं, पुरचुंडीचा मोजा झाला, आणि आपल्यापर्यंत येताना सोन्याचा कॉफी मग.

हे वाचताना मी दोन ठिकाणी अडकले. एक, बाप मागे धावला कशाला? पैसे मिळाले होते, मुली सुटल्या होत्या. झोपायचं ना गुपचूप! आणि दोन, त्याने शपथ पाळून तोंड कायमचं मिटलं असतं, तर ही गोष्ट आपल्यापर्यंत आलीच कशी असती?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला आमच्या घरातच सापडली. ही गोष्ट मी ऑफिसात कुणालाच सांगितलेली नाही.

पावतीवर बाबांचं नाव

२००२ च्या डिसेंबरात बाबांची कंपनी बंद पडली. सकाळी डबा घेऊन गेले, गेटला कुलूप, अकरा वाजता डबा घेऊन परत. मी नववीत होते. पुढच्या वर्षीच्या दहावीच्या क्लासची फी सहा हजार, तीन हप्त्यांत. पहिला हप्ता आईच्या भिशीतून गेला. दुसरा गणपतीनंतर द्यायचा होता. बाबा तेव्हा एका दुकानात हिशेब लिहायचे, त्यात वाणीसामान आणि भाडं कसंबसं भागायचं.

हप्ता भरता येणार नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण कळत होतं. मैत्रिणींना काय सांगायचं याची वाक्यं मी पाठ करून ठेवली होती. 'मला नाही बाई आवडत सरांचं शिकवणं. मी घरीच करणारेय अभ्यास.' आरशासमोर म्हणून पाहिली होती.

एका शनिवारी सरांनी थांबवून हातात पावती दिली. दोन्ही उरलेले हप्ते भरलेले. पावतीवर नाव बाबांचं. मला वाटलं बाबांनी भरले. घरी बाबांना वाटलं आईने भरले. आईला वाटलं बाबांनी कर्ज काढलं. मग तिघंही एकमेकांकडे बघत बसलो.

बाबा क्लासवर गेले आणि अर्ध्या तासात परत आले. चेहरा असा की कुणी अपमान केलाय. सर म्हणाले होते, ज्यांनी भरले त्यांनी नाव सांगू नका म्हणून सांगितलंय. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. "आपण काय कुणाकडे मागायला गेलो होतो?" ते म्हणाले.

"नाही गेलो, म्हणूनच असे आले," आई म्हणाली. तिने पावती देवाच्या फोटोमागे ठेवली आणि विषय बंद केला.

बाबांचा विषय मात्र बंद झाला नाही. कालनिर्णयच्या जुन्या पानामागे त्यांनी नावांची यादी केली. वरच्या मजल्यावरच्या आजी, कंपनीतले जुने साहेब, वाणी, आणि चक्क माझे चुलत काका. या काकांशी गावच्या जमिनीवरून सहा वर्षं बोलणं नव्हतं. खाली प्रश्नचिन्हं. कुणावर फुली नाही, कारण कुणाबद्दलच खात्री नाही.

मग एक गंमत सुरू झाली. गंमत मी आता म्हणतेय, तेव्हा कळली नव्हती. यादीतला कुणीही असू शकतो म्हटल्यावर बाबांना कुणाशीच वाकडं बोलता येईना. वाण्याशी घासाघीस बंद. आजींचा गॅस सिलिंडर वर चढवायला बाबा हजर. दिवाळीत काकांच्या घरी स्वतःहून फराळाचा डबा घेऊन गेले. काकांना काय झालं ते कळेना, पण त्यांनी चहा केला. ज्याचं देणं लागतो तो माणूसच माहीत नाही, तर मग सगळ्यांशीच नीट वागावं लागतं! त्या एका वर्षात बाबा चाळीत जितके लोकप्रिय झाले तितके पगार असताना कधी नव्हते.

म्हणून तो तीन मुलींचा बाप का धावला ते मला कळतं. फुकट मिळालं म्हणून आनंदाने नाही. बिननावाचं उपकार डोक्यावर घेऊन झोप लागत नाही म्हणून. आणि निकोलस रात्रीच का गेला, तेही कळतं. दोघं एकाच गावात राहणारे. सकाळी बाजारात समोरासमोर येणार. दिवसाढवळ्या दिलं असतं, तर त्या बापाला पुढे प्रत्येक वेळी मान खाली घालून जावं लागलं असतं. या हाताचं त्या हाताला कळू नये असं आपल्याकडे म्हणतात. इतके दिवस मला वाटायचं, ते देणाऱ्याने शेखी मिरवू नये म्हणून आहे. असेलही. पण त्यातला मोठा भाग घेणाऱ्यासाठी आहे. क्लासमधल्या एकाही मुलीला कधी कळलं नाही. जगाच्या लेखी माझी फी माझ्या बाबांनी भरली. तशी पावती आहे.

गेल्या वर्षी एका लग्नात सर भेटले. आता केस पूर्ण पांढरे. इकडचं तिकडचं झाल्यावर सहज म्हणाले, "तुझ्या बाबांनी पुढे चार वर्षं एकेका पोराचा हप्ता भरला गं माझ्याकडे. नाव सांगू नका म्हणायचे." मी हातातली आइस्क्रीमची वाटी खाली ठेवली. २००५ मध्ये बाबांना पुन्हा नोकरी लागली होती, हे मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

घरी जाऊन विचारलं तर बाबांनी पेपरमधून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "सरांच्या पोटात काही राहत नाही," एवढंच म्हणाले.

त्या तीन मुलींच्या बापाचंही तसंच झालं असणार. पण माझी फी कुणी भरली, ते मात्र सरांनी तेव्हाही सांगितलं नाही.

वीस डॉलर

हे फक्त जुन्या काळात आणि चाळीत होतं असं वाटत असेल, तर लॅरी स्टुअर्टची गोष्ट ऐका. १९७१ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात ह्यूस्टन नावाच्या छोट्या गावात हा तरुण कफल्लक होऊन पोचला. दोन दिवस उपाशी. एका छोट्या हॉटेलात भरपेट नाश्ता केला आणि बिल आल्यावर पाकीट हरवल्याचं नाटक केलं. हॉटेलमालक टेड हॉर्न खाली वाकला, जमिनीवरून वीस डॉलरची नोट उचलल्यासारखं केलं आणि म्हणाला, तुझीच पडलेली दिसते. लॅरीला कळायला थोडा वेळ लागला की नोट पडलेली नव्हतीच.

पुढे कॅन्सस सिटीत लॅरीने चांगला पैसा कमावला. १९७९ पासून दर डिसेंबरला तो रस्त्यावर अनोळखी लोकांच्या हातात नोटा ठेवून निघून जायचा. सव्वीस वर्षांत साधारण तेरा लाख डॉलर. पेपरवाले त्याला सिक्रेट सांता म्हणायचे, नाव कुणालाच माहीत नव्हतं. १९९९ मध्ये त्याने टेड हॉर्नला शोधून काढलं आणि त्या वीस डॉलरच्या बदल्यात दहा हजार दिले. २००६ मध्ये कॅन्सर झाल्यावर त्याने स्वतःचं नाव सांगितलं, का तर इतरांनीही हे करावं म्हणून. २००७ च्या जानेवारीत तो गेला.

मला यात लॅरीपेक्षा टेड हॉर्न जास्त आवडतो. नोट देणं सोपं. ती खाली वाकून 'सापडल्यासारखी' देणं, हे जमायला मायराच्या बिशपाचं घराणं लागतं.

तर आमच्या त्या नव्या पोराला मी सकाळी पिंग केलं: 'होता. पण लाल कपडे नव्हते, आणि तो सापडू नये म्हणून पळायचा.' त्याचा रिप्लाय आला, 'मग आपण जे करतो ते काय?' पोरगं हुशार आहे, अप्रेझलला लक्षात ठेवायला हवं.

चोवीस तारखेला मग उघडूच आपण, त्यात काही वाईट नाही. पण आजूबाजूला एकदा नीट बघा. ऑफिसच्या गाडीचा ड्रायव्हर असेल, हाउसकीपिंगच्या मावशींची मुलगी असेल, ईएमआय चुकलेला पण शर्ट कडक इस्त्रीचा घालणारा शेजारच्या क्यूबिकलमधला मित्र असेल. खिडकी कुठे उघडी आहे ते आपल्याला बहुतेक माहीत असतं. आणि पावतीवर नाव त्यांचंच घाला.

यंदा मी काय केलं? ते नाही सांगणार. या कॉलममध्ये तर नाहीच.

ता. क.: एचआरला विनंती. मला कॉफी मग नको. कपाटात चार आहेत, आणि चारही कुणी दिले ते मला माहीत आहे.